कॅशबॅक की रिवॉर्ड पॉइंट? तुमच्या ५२ हजारांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एक ताई. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगा सातवीत. महिन्याचा खर्च ५२ हजारांच्या आसपास. बँकेतल्या ओळखीच्या अधिकाऱ्याने रिवॉर्ड पॉइंटवाल्या 'प्रीमियम' कार्डाचा आग्रह धरला, फॉर्म भरून घेतला, आणि कार्ड घरी येऊन पडलंय. भाचा म्हणतो, मावशी, कॅशबॅकचंच घे, पाच टक्के मिळतात. ताई विचारतात, खरा फायदा कशात आहे, आणि आलेलं कार्ड सुरू करू की नको?

ताई, उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्यासाठी कॅशबॅक. ते आलेलं पाकीट आहे तसं कपाटात राहू दे. पण भाच्याने सांगितलेलं कारण बरोबर नाही. पाच टक्के तुम्हाला मिळणार नाहीत.

मी २१ वर्षं मुंबईत कार्डांच्या धंद्यात काढली. सुरुवातीला स्टेशनबाहेर टेबल टाकून फॉर्म भरून घेतले. नंतरची बरीच वर्षं कोणत्या खर्चावर किती पॉइंट द्यायचे आणि कोणत्या खर्चावर द्यायचे नाहीत, याची कोष्टकं करणाऱ्यांच्या खोलीत बसलो. त्या खोलीत 'देणे' या विषयावर जेवढं बोलणं होतं, त्याच्या तिप्पट 'वगळणे' या विषयावर होतं. म्हणून कोणतंही कार्ड हातात आलं की मी जाहिरात बघत नाही, थेट वगळलेल्या खर्चांची यादी काढतो. ती नियमावलीत सापडते, तिसऱ्या-चौथ्या पानावर, बारीक टायपात.

तुम्ही खर्चाची यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण 'पन्नासेक हजार' एवढंच सांगतात. तुमचे आकडे असे: डीमार्ट आणि किराणा ९,०००, ऑनलाइन खरेदी ८,०००, घरी मागवलेलं जेवण २,५००, पेट्रोल ४,०००, वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट मिळून ५,०००, शाळेची फी महिन्याच्या हिशेबाने ८,०००, विम्याचे हप्ते ३,५००, दूध, भाजी, रिक्षा ६,०००, कपडे, औषधं, बाहेरचं जेवण ६,०००. बेरीज ५२ हजार.

आता यावर वगळण्याची कात्री चालवू. पेट्रोलवर बहुतेक कार्डं काहीच देत नाहीत, फार तर एक टक्का सरचार्ज माफ करतात. म्हणजे लावलेला दंड परत घेतात, बक्षीस देत नाहीत. शाळेची फी आणि विमा बऱ्याच कॅशबॅक कार्डांवर बाद. वीजबिलाचंही बऱ्याच ठिकाणी तेच. दूध, भाजी, रिक्षा तुम्ही यूपीआयने देता, तिथे कार्ड येतच नाही. राहिलं काय? ऑनलाइन आणि मागवलेलं जेवण मिळून १०,५००. दुकानात जाऊन केलेली खरेदी १५,०००. एकूण २५,५००. बावन्नातले निम्मेसुद्धा नाहीत.

ऑनलाइनवर ५ टक्के आणि दुकानात १ टक्का देणारं कार्ड धरलं तर ५२५ अधिक १५०, महिन्याला ६७५ रुपये. वर्षाचे ८,१००. वार्षिक फी ९९९ असेल तर १८ टक्के जीएसटीसह ती १,१७९ पडते. वर्षात दोन लाख खर्च झाल्यावर ती माफ होत असेल, तर तुमचे तीन लाख सहा हजार होतातच, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून फीही नाही. भाच्याचे पाच टक्के तुमच्या एकूण खर्चावर १.३ टक्क्यांवर आले. तरीही वर्षाला आठ हजार म्हणजे एका महिन्याचा किराणा जवळजवळ फुकट. ते मी कमी समजत नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच स्टेटमेंटला तुम्ही मला शिव्या घालाल. कोणता खर्च कशात मोडतो हे बँक तुमच्या पिशवीत डोकावून ठरवत नाही. दुकानदाराच्या मशीनला धंद्याप्रमाणे चार आकडी कोड दिलेला असतो, त्यावरून सगळं ठरतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात दिवाळीच्या फराळाचं सामान आलं. ३,२०० रुपये, सुकामेवा, तूप वगैरे. स्टेटमेंटला कॅशबॅक शून्य. मी चौकशी केली तेव्हा कळलं, त्या दुकानाच्या मालकाचा आधी सराफीचा धंदा होता. दुकान बदललं, पाटी बदलली, मशीन मात्र जुनंच. बँकेच्या लेखी आमच्या हिने काजू-बदाम नाही, दागिने घेतले होते, आणि दागिने त्या कार्डावर वगळलेले. हयात याच कोष्टकांत गेली म्हणून मला लगेच उमगलं. बाकी कोणी असता तर महिनाभर कस्टमर केअरशी भांडत बसला असता.

आता तुमच्या बँकवाल्यांचं कार्ड. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाप्रमाणे १५० रुपयांच्या खर्चाला ४ पॉइंट, वार्षिक फी २,५०० अधिक जीएसटी म्हणजे २,९५०, आणि वर्षात चार लाख खर्च झाला तर फी माफ. विमा आणि वीजबिलावर ते पॉइंट देतात, मर्यादेत का होईना. म्हणून मी उदार मनाने तुमचा पात्र खर्च २५,५०० वरून ३४,००० धरतो. महिन्याला ९०४ पॉइंट, वर्षाला १०,८४८. आकडा भारदस्त दिसतो की नाही? दहा हजारांच्या वर!

पण पॉइंट म्हणजे रुपया नव्हे. त्याच माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर तीन दर आहेत. बँकेच्या पोर्टलवरून विमानाचं तिकीट किंवा हॉटेल घेतलंत तर पॉइंटला ५० पैसे. कॅटलॉगमधल्या वस्तू घेतल्या तर त्याहून कमी. स्टेटमेंटमधून वजा करून हवे असतील तर २० पैसे. म्हणजे तुमच्या १०,८४८ पॉइंटांचे तिकिटात ५,४२४ रुपये होतात आणि रोखीत २,१७०. वर पॉइंट वापरायचे म्हणून ९९ रुपये आणि त्यावर जीएसटी. तुम्ही वर्षातून एकदा विमानाने जाता, तेही मे महिन्यात मुलाच्या सुट्टीत, जेव्हा तिकिटं महागच असतात. पॉइंट वटवण्याची संधी तुम्हाला एकदाच, आणि तीही त्यांच्या पोर्टलवर दिसेल त्या भावाने.

शिवाय १५० च्या टप्प्यांची गंमत बघा. २९० रुपयांचं बिल झालं तर पॉइंट मिळतात ४, सात-आठ नाही, कारण वरचे १४० रुपये टप्प्यात बसत नाहीत. मी वर धरलेला ९०४ हा आकडा सगळा खर्च एकाच बिलात झाला असं मानून आहे. छोटी छोटी बिलं असलेल्या घरात प्रत्यक्षात तो खाली येतो. आणि चार लाखांची अट? तुमचे होतात चार लाख आठ हजार. उंबरठ्यावर. यातलं एखादं बिल बँकेने 'हे मोजणीत नाही' म्हटलं की २,९५० खिशातून. मग कार्डाचं वर्ष संपत आलं की माणूस काय करतो ते मी वर्षानुवर्षं आकड्यांत पाहिलंय. फी वाचवण्यासाठी सोळा हजारांचा मिक्सर-ओव्हन घेतो. अशी माणसं असतात हे धरूनच ती अट बसवलेली असते.

कॅटलॉगबद्दल एकच सांगतो. लहानपणी चाळीत बोहारीण यायची आठवते? जुन्या साड्या, पँटी घ्यायची आणि स्टीलचं भांडं द्यायची. आईची जरीकाठी साडी गेली की पातेलं यायचं, आणि तासभर घासाघीस चालायची. "अगं हा डबा तरी दे वर." बँकेचं कॅटलॉग म्हणजे तोच व्यवहार. साड्यांचा भावही तिचा, पातेल्याचाही तिचा. घासाघीस तेवढी करता येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझ्या मते दोन्ही कार्डांतला खरा फरक टक्क्यांत नाहीच.

नियम बदलायचा अधिकार बँकेकडे असतो, दोन्ही प्रकारांत. एसबीआय कार्डने २०२२ मध्ये कॅशबॅक कार्ड आणलं, ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, आणि मे २०२३ पासून महिन्याच्या कॅशबॅकची कमाल मर्यादा दहा हजारांवरून पाच हजारांवर आणली, विमानतळावरच्या लाउंजची, म्हणजे प्रतीक्षा कक्षाची, सोयही काढून घेतली. लोक चिडले. पण एप्रिलपर्यंत ज्यांच्या खात्यात पैसे जमा झाले होते, ते झालेच होते. त्यांना कोणी हात लावला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरपासून ॲक्सिस बँकेने मॅग्नस कार्डाचे नियम बदलले. तोवर पाच पॉइंटांचे चार एअर माइल (म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट, त्यांवर तिकीट मिळतं) व्हायचे, ते साध्या मॅग्नसवर पाचाला दोन झाले. महिन्याला एक लाख खर्चावर मिळणारे २५ हजार जादा पॉइंटही बंद. पुढे मिळणारे पॉइंट कमी झाले हे एकवेळ समजू शकतो. पण ज्याने आधीच लाखभर पॉइंट साठवून ठेवले होते आणि तारखेच्या आत वळवले नाहीत, त्याच्या ऐंशी हजार माइलचे रातोरात चाळीस हजार झाले. खर्च करून झाला होता, कमाई करून झाली होती, आणि भाव मागाहून अर्धा झाला.

कॅशबॅकमध्ये बँक तुमचा उद्या कापू शकते. पॉइंटमध्ये ती तुमचा कालही कापू शकते. माझ्या लेखी निवड इथेच ठरते.

विमान कंपनीच्या नावाच्या कार्डांत आणखी एक तिसरा माणूस मध्ये येतो. जेट एअरवेजचं विमान १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं उडालं. त्या माइल्ससाठी वर्षानुवर्षं कार्ड घासलेले माझे ओळखीचे लोक होते. माइल्सची योजना पुढे दुसऱ्या नावाने चालू राहिली, पण ज्या विमानात बसायचं म्हणून साठवले ते विमानच नव्हतं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा पॉइंट बुडाले नाहीत, एअर इंडियाच्या योजनेत गेले, पण सवयीचं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागलं. मी स्वतः शहाणा आहे असं समजू नका. एका बँकेचे माझे ३८ हजार पॉइंट तीन वर्षांची मुदत संपली म्हणून गेले. 'युरोपला जाऊ तेव्हा वापरू' म्हणत ठेवले होते. युरोप झालं नाही, पॉइंटही गेले. आणि मुदतीचं कलम लिहिणाऱ्यांच्या शेजारच्या टेबलावर मी बसत होतो!

मग पॉइंटचं कार्ड कोणी घ्यावंच नाही का? तसं नाही. पुण्याला माझ्या मित्राचा मुलगा आहे, आयटीत. कंपनीच्या कामाचा प्रवास स्वतःच्या कार्डावर करतो आणि कंपनी पैसे देते, त्यामुळे महिन्याला दीड-दोन लाख त्याच्या कार्डावरून जातात. लग्न झालेलं नाही. मंगळवारी रात्री तिकीट मिळालं तर मंगळवारी निघतो. पॉइंट साठवत नाही, तीन-चार महिन्यांत विमान कंपनीकडे वळवून मोकळा होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला यात गोडी आहे. आमच्या पिढीत जशी काही माणसं रेल्वेचं टाइमटेबल पाठ करायची, तसा हा माइलवर मिळणाऱ्या सीट कधी उघडतात ते बघत बसतो. त्याला पॉइंटला रुपयाच्या आसपास भाव पडतो, कधी जास्तही. त्याने कॅशबॅक घेतलं तर नुकसान होईल.

त्याला मी जे गणित शिकवलं ते तुम्हालाही सांगतो, कधी लागलंच तर. तिकिटाची रोख किंमत घ्या, पॉइंट देऊनही जे कर आणि शुल्क रोखीत भरावं लागतं ते त्यातून वजा करा, उरलेल्याला पॉइंटांच्या संख्येने भागा. ९,००० चं तिकीट १०,००० माइल आणि १,५०० रुपयांत मिळत असेल तर साडेसात हजार भागिले दहा हजार, म्हणजे ७५ पैसे. एवढंच. मात्र रोख किंमत तीच धरायची जी तुम्ही एरवी खरोखर दिली असती. लोक दीड-दोन लाखांचं बिझनेस क्लासचं तिकीट धरतात आणि 'मला पॉइंटला तीन रुपये मिळाले' म्हणून सांगत सुटतात. अरे, तू ते तिकीट दोन लाखांना कधी घेतलं असतंस का?

लाउंजचं तुम्ही विचारलंत. वर्षातून एकदा प्रवास, त्यासाठी इडली-कॉफी. त्यातही आता बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच आत सोडतात. हा मुद्दा निर्णयातून काढूनच टाका.

कॅशबॅक घेताना मात्र नाव बघून भुलू नका. काही ठिकाणी कॅशबॅक आपोआप स्टेटमेंटमधून वजा होतो. तो खरा. काही ठिकाणी 'कॅश पॉइंट' जमतात, पाचशे झाले की तुम्ही अर्ज करायचा. म्हणजे कॅशबॅकच्या अंगरख्यात पॉइंटच. काही ठिकाणी एकाच कंपनीच्या वॉलेटमध्ये येतो. २०१८ मध्ये आलेलं ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड या तिसऱ्या प्रकारातलं. त्याला वार्षिक फी नाही, प्राइम सभासदाला ॲमेझॉनवर ५ टक्के, इतरांना ३, पण रक्कम ॲमेझॉन पेमध्ये जमा होते. तुमची आठ हजारांची ऑनलाइन खरेदी बहुतेक तिथलीच असेल तर काही बिघडत नाही. पाच ठिकाणी विखुरलेली असेल तर स्टेटमेंटमधून वजा करणारं कार्ड बरं. आणि ईएमआयवर घेतलेल्या वस्तूवर सहसा काहीच मिळत नाही, 'नो कॉस्ट' लिहिलेलं असलं तरी.

तुमचे दूध-भाजीचे सहा हजार सध्या वाया जातात. सप्टेंबर २०२२ पासून रुपे (व्हिसा-मास्टरकार्डसारखंच, पण भारतीय) क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. ज्या दुकानदाराचा क्यूआर व्यापारी म्हणून नोंदलेला आहे तिथे ते चालतं. भाजीवालीने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावला असेल तर चालत नाही, आणि नाशिकच्या बाजारात निम्म्या ठिकाणी तसंच असणार. एखादं फी नसलेलं रुपे कार्ड पुढेमागे घेतलंत तर महिन्याला तीसेक रुपये सुटतील. घाई करण्यासारखं त्यात काही नाही.

एक गोष्ट विचारली नाहीत, तरी सांगतो. आमच्या धंद्यात ग्राहकाला दोन नावं आहेत. दर महिन्याला पूर्ण बिल भरणारा तो 'ट्रान्झॅक्टर', थकबाकी पुढे ढकलणारा तो 'रिव्हॉल्व्हर'. तुमच्या वर्षाच्या आठ हजार कॅशबॅकमधला काही भाग दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या दीड-दोन टक्क्यांतून येतो, आणि काही भाग रिव्हॉल्व्हरच्या व्याजातून. हे व्याज बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के असतं, वर्षाला ४२ ते ४५. तीस टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही असं ऐकलं असेल, तर तो राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तुमच्या घरात एकदा जरी वीस हजार मागे राहिले तरी एका महिन्याचे ७५० व्याज आणि १३५ जीएसटी, ८८५ रुपये. महिन्याचा कॅशबॅक ६७५. त्यात भर म्हणजे थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराण्यावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून कार्ड आलं की पहिल्याच दिवशी बँक खात्यातून ऑटो-डेबिट लावा, आणि तिथे 'टोटल अमाउंट ड्यू' निवडा. फॉर्मवर 'मिनिमम अमाउंट ड्यू'ची चौकट सहसा आधी येते, घाईत तीच टिक होते.

राहिलं कपाटातलं पाकीट. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत तुम्ही ते सुरू केलं नाहीत, तर बँकेला तुमच्याकडून ओटीपीने संमती घ्यावी लागते. संमती मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत, एक पैसा न घेता, कार्ड खातं बंद करायचं. तेव्हा पुढच्या काही दिवसांत फोन येईल, गोड आवाजात, "मॅडम, फक्त व्हेरिफिकेशनसाठी एक ओटीपी आलाय, तो ॲपमध्ये टाका." तो टाकू नका. मेसेज पूर्ण वाचा, ओटीपी कशासाठी आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. अधिकारी ओळखीचे आहेत म्हणून अवघड वाटत असेल तर त्यांना सरळ सांगा की मला हे कार्ड नको, आणि तेच दोन ओळींत बँकेला ईमेलवरही कळवा. त्यांच्या टार्गेटमधलं एक कार्ड कमी होईल, त्यांना राग यायचं काही कारण नाही. दर महिन्याला अशी चार-पाच कार्डं परत येतातच.